अकरा लिटरची टाकी

१

जुन्या मोटारसायकलींच्या पेट्रोल टाक्या आतून साफ करून देणं हा माझा धंदा. सव्वीस वर्षं झाली. दुसरं काही येत नाही आणि शिकायची हौसही नाही. लग्न जमलं नाही. एका स्थळाने तर स्पष्टच कळवलं होतं, मुलगा चांगला आहे पण पेट्रोलचा वास येतो.

कामाची पद्धत ठरलेली आहे. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक काढायचा, भोकाला बूच मारायचं, वरून चाळीस नट आत टाकायचे आणि टाकी मांडीवर घेऊन हात भरून येईपर्यंत हलवायची. नट आपटून आपटून गंजाच्या खपल्या सोडवतात. मग एक दिवस अ‍ॅसिडचं पाणी भरून ठेवायचं. मग सोड्याचं पाणी, मग स्पिरिट, मग ब्लोअरने खडखडीत वाळवणं. सगळ्यात शेवटी सीलर. हे दोन डब्यांतलं औषध एकत्र कालवलं की अर्ध्या तासात आवळायला लागतं. तेवढ्या वेळात ते टाकीत ओतून, तोंडं बंद करून, टाकी हातात धरून सगळ्या अंगांनी फिरवत राहायचं. आत अस्तर बसतं आणि पुन्हा गंज म्हणून लागत नाही.

माझे नियम दोनच. मोजून टाकलेले नट मोजून बाहेर यायला हवेत. आणि ओल्यावर सीलर मारायचा नाही, कारण ओल्यावर मारलेलं अस्तर धरत नाही, आज ना उद्या सुटतं.

लोकांच्या टाक्यांना मी हे नियम लावले. माझ्या दादाच्या टाकीला हातसुद्धा लावला नाही.

शेवटच्या महिन्यात दादाने मला तीनदा सांगितलं होतं. "टाकीत गंज झालाय रे, खपल्या कॉकमध्ये अडकतात. गाडी मध्येच बंद पडते. एकदा बघ ना." मी तीनही वेळा म्हटलं, बघतो. भिंतीवर गिऱ्हाइकांच्या सात टाक्या टांगलेल्या होत्या आणि दादा तर घरचाच होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

रेल्वेच्या फाटकात, रुळांवर, गाडी बंद पडली. फाटकवाल्याने नंतर सांगितलं की दादा उतरून पळाला नाही. किक मारत राहिला. आगगाडीच्या धडकेने मोटारसायकल रुळांच्या पलीकडे उडाली. टाकीच्या डाव्या अंगाला एक पोचा पडला, बाकी तिला काही झालं नाही.

त्याला नऊ वर्षं झाली. तो तीनदा म्हणाला होता हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वहिनींना तर नाहीच.

२

माझं दुकान घराला लागूनच आहे. गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. ती चालू करायचं खूळ माझ्या पुतणीचं. घरात तिला बारकी म्हणतात, आता ती माझ्यापेक्षा उंच आहे. फाटकापलीकडच्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. दोन बस बदलाव्या लागतात.

"काका, बाबांची गाडी करून द्या ना. इंजिन मी बघून घेते, माझा मित्र आहे एक. टाकी तेवढी तुमची."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या धुतलेले कपडे घडी घालत होत्या. त्यांनी उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढे ठेवताना म्हणाल्या, "द्या करून, भाऊजी. नुसती उभी राहून ती तरी काय करणार?"

मी टाकी काढली. मी स्वतःला बजावलं, आता हे एक काम तरी नीट कर. दादाला दिलं नाहीस, त्याच्या पोरीला दे.

नट मोजून चाळीस टाकले. तासभर हलवली. चाळीस बाहेर आले, आणि ओंजळभर गंज. नऊ वर्षांचा गंज म्हणून मला तो कमीच वाटला.

मग अ‍ॅसिडचं पाणी. ही टाकी अकरा लिटरची, पोचा धरला तर साडेदहाची. माझा कॅन पाच लिटरचा आहे. दोन कॅन ओतले, तिसऱ्याला ती तोंडापर्यंत यायला हवी होती. तिसरा कॅन पूर्ण रिकामा झाला. मी बॅटरी मारून पाहिलं तर पाणी दिसेना. खाली जमीन पाहिली, कोरडी. बूच पाहिलं, घट्ट. चौथ्या कॅनमधलं तीन लिटर गेल्यावर मी थांबलो.

अठरा लिटर. मध्ये एक गिऱ्हाईक येऊन डोकं खाऊन गेलं होतं, त्या नादात मोजण्यात घोळ झाला असणार, असं मी ठरवलं. माणूस स्वतःला काय हवं ते पटवू शकतो. तोंड बंद करून टाकी उचलून कोपऱ्यात ठेवली. भरलेली टाकी उचलताना कंबर बोलते. ही मांजर उचलावं तशी उचलली गेली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी काढलं. बादलीत नऊ लिटर आलं.

यावर मी विचार केला नाही. खोटं कशाला बोलू, करायचं टाळलं. सोड्याने धुतली, स्पिरिट फिरवलं, ब्लोअर लावला. अकराच्या सुमारास टाकी वाळली आणि मी ब्लोअर बंद केला. मोठा आवाज थांबला की दुकान काही क्षण जास्तच शांत वाटतं. त्या शांततेत टाकीतून आवाज आला.

खर्र-खट्.

पत्रा तापून थंड होताना वाजतो, हे मला कळतं. मी हसलोसुद्धा. मग पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा. मग थांबला.

नट राहिला असेल म्हणून डब्यातले नट पुन्हा मोजले. चाळीस. टाकी उलटी करून हलवली. आत काहीही नव्हतं, धुळीचा कणसुद्धा खडखडला नाही. टाकी स्टँडवर ठेवली आणि आवाज पुन्हा सुरू झाला. तीनदा, आणि मग थांबला.

मी टाकीच्या तोंडाला कान लावला. आवाज पत्र्याचा नव्हता. तो लांबून येत होता, मधल्या दोन गल्ल्या ओलांडून यावा तसा. न लागणाऱ्या किकचा आवाज होता तो. ज्याने आयुष्यात एकदा तरी मोटारसायकल वापरली आहे त्याला तो सांगावा लागत नाही.

"कोण किक मारतंय हो मघापासून?" वहिनी दारात चहा घेऊन उभ्या होत्या.

"असेल गल्लीत कुणीतरी."

त्यांनी मान वळवून गल्ली पाहिली. गल्लीत एक कुत्रं झोपलं होतं, बाकी कुणी नव्हतं. त्यांनी चहा ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही, टाकीकडे पाहिलं, आणि आत गेल्या.

४

गिऱ्हाइकाला आतला गंज दाखवायला माझ्याकडे एक तारेचा कॅमेरा आहे. तारेच्या टोकाला बारीक डोळा आणि दिवा, चित्र मोबाइलवर दिसतं. तार दीड मीटरची. टाकी जेमतेम अर्धा मीटर लांब. कुठल्याही टाकीत तार हातभर गेली की समोरचा पत्रा लागतो आणि ती वाकते.

मी तार आत सोडली. पडद्यावर आधी तपकिरी पत्रा दिसला, माझ्या ओळखीचा, अ‍ॅसिडने साफ झालेला. मग तो बाजूला सरला आणि पडदा काळा झाला. तार जात राहिली. मनगट, कोपर, अर्धी, पाऊण. कुठे अडकली नाही, वाकली नाही. शेवटी मोबाइलला जोडलेलं टोक टाकीच्या तोंडाशी आलं आणि मी थांबलो. दीड मीटर तार अर्ध्या मीटरच्या टाकीत सरळ उभी होती.

कॅमेरा बिघडला म्हणावं, तर दिवा लागत होता. तार आत गुंडाळली गेली म्हणावं, तर ओढल्यावर ती सरळसोट बाहेर आली. टोक हाताला गार लागलं. त्यावर करड्या रंगाची पूड चिकटली होती. मी ती बोटांत चोळली. गंज असा नसतो. गंज मऊ असतो, बोटाला रंग सोडतो. ही पूड दगडाची होती, खडीची.

रेल्वेच्या रुळांखाली असते ती खडी.

खर्र-खट्, आतून आलं. मी मोबाइल पालथा ठेवला आणि पाणी प्यायलो. माझी पाचावर धारण बसली होती, पण भर दुपार होती, समोरच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं, आणि अशा उजेडात ओरडत बाहेर पळायची माणसाला लाज वाटते.

५

घाबरलेला माणूस हातातलं काम पुढे रेटतो. मी सीलर काढला. दोन्ही डबे एका भांड्यात ओतले आणि काठीने ढवळायला लागलो. एकदा अस्तर बसलं की आवाज बंद होईल, अशी काहीतरी माझी समजूत होती. भांड्यातलं औषध सारखं झालं, घड्याळ पाहिलं, अर्धा तास सुरू.

"थांबा."

वहिनी कधी आत आल्या ते कळलं नाही. त्या स्टँडजवळ वाकून उभ्या होत्या, कान टाकीशी.

"ते आहेत," त्या म्हणाल्या.

"वहिनी, पत्रा तापला की वाजतो. रोजचं आहे माझ्या."

"तीन किका मारायच्या, मग हात पँटला पुसायचे, मग पुन्हा तीन. बारा वर्षं रोज सकाळी ऐकलंय मी. पत्रा हात पुसायला थांबत नाही, भाऊजी."

खरं म्हणजे मी पण तेच मोजत होतो.

"पेट्रोल घाला थोडं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गाडी चालू होत नाही म्हणून ते तिथे अडकलेत. पेट्रोल घाला. चांगलं, गाळलेलं."

"वहिनी, सीलर कालवलाय मी. पेट्रोलने टाकी ओली झाली की तो धरणार नाही. बारकीला गाडी हवीये, तिच्यासाठी करतोय ना आपण हे?"

"बारकी बसने जाईल." त्यांचा आवाज चढला नाही, पण असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "नऊ वर्षं तो माणूस किक मारतोय. तुम्हाला ऐकवतं तरी कसं?"

ऐकवत नव्हतं. तेच तर होतं. मला सगळ्या जगात एकच गोष्ट हवी होती, दादाने मागितलेलं काम त्याला करून द्यायची. ती संधी नऊ वर्षांपूर्वीच गेली असं मी धरून चाललो होतो, आणि ती माझ्यापुढे स्टँडवर ठेवलेली होती. अक्कल गहाण पडायला माणसाला एवढं पुरतं.

मी अर्धा लिटर पेट्रोल मलमलच्या कपड्यातून दोनदा गाळलं आणि टाकीत ओतलं. ते आत गेलं त्याचा आवाज झाला नाही.

६

पहिली किक. दुसरी. तिसऱ्या किकेला इंजिन लागलं.

मी रडलो. सांगायला संकोच वाटत नाही, दुकानाच्या जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडलो. दादाच्या गाडीचा आवाज होता तो, मंद ठेवली की दर चौथ्या ठोक्याला अडखळणारा. वहिनींनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. मग त्यांनी केस सारखे केले आणि अंगणाकडे निघाल्या.

"कुठे निघालात?"

"फाटकाची कडी काढते. गाडी आत घ्यायला लागेल ना."

त्या हे इतक्या सहजपणे म्हणाल्या की मला अडवायचं सुचलं नाही. दुकानाच्या उघड्या दारातून त्या मला दिसत होत्या. अंगणाचं लोखंडी फाटक त्यांनी दोन्ही बाजूंना पूर्ण उघडलं आणि एका बाजूला सरून उभ्या राहिल्या.

टाकीतल्या आवाजाने गिअर बदलला. आवाज मोठा झाला. तो जवळ येत होता, यात शंका नव्हती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात सरळ विचार आला. तो जवळ येतोय म्हणजे कुठे येतोय? आणि येणार आहे तो कोण? दवाखान्यात ओळख पटवायला मीच गेलो होतो. त्यांनी मला चादरीतून एक हात तेवढा दाखवला होता आणि म्हणाले होते, बाकीचं बघू नका.

टाकीच्या तोंडाला डोळा लावायचा नसतो. वाफेने डोळा जातो, हे मी धंद्यात आलेल्या प्रत्येकाला सांगतो. मी लावला.

आधी नुसता काळोख. मग खूप खोल एक पिवळा ठिपका, गाडीच्या दिव्याचा. तो हलत, उसळत, मोठा होत होता. दिव्याच्या वर हँडल दिसलं आणि हँडलवरचे हात. त्यातला एक मी ओळखला. दादाच होता, खांद्यावरून कळत होतं. मला त्याला हाक मारायची होती.

त्याच्या मागे कुणीतरी बसलं होतं. दादाच्या खांद्यावर हात ठेवून, पुढे वाकून, वाट बघावी तसं. त्या माणसाच्या मागे आणखी कुणी होतं. त्याच्या मागे आणखी. गाडीची सीट दोघांची आहे. मी रांग कुठे संपते ते पाहायचा प्रयत्न केला आणि ती मला संपताना दिसली नाही. सगळ्यांची तोंडं वर होती, माझ्या डोळ्याकडे.

७

मी सीलर ओतला. संपूर्ण भांडं. विचार केला असता तर हात धजला नसता. औषध काकवीसारखं जाड व्हायला लागलं होतं, ते गोळ्यागोळ्यांनी आत पडलं. तोंडावर रबर दाबून पट्टी आवळली आणि टाकी उचलून मांडीवर घेतली.

आणि फिरवायला लागलो. दुसरं काय करणार, हात ते काम सव्वीस वर्षं करत आले आहेत. डावीकडे, उजवीकडे, पुढे, पालथी. अस्तर सगळीकडे पोचायला हवं. टाकी आता जड होती. इतकी जड की माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या.

आत इंजिन चालू होतं. पत्र्यातून ते माझ्या पोटाला जाणवत होतं. मग ते अडखळलं. एकदा गुरगुरलं, पेट्रोल पोचत नसलं की गुरगुरतं तसं. पुन्हा उचललं, पुन्हा अडखळलं आणि बंद पडलं.

मी टाकी फिरवत राहिलो. पेट्रोलवर सीलर धरत नाही, हे मला माहीत होतं. वरवर सुकेल आणि एक दिवस त्याचा पापुद्रा सुटेल. त्या दिवसाचं तेव्हा बघू, असं म्हणायची सोय मला उरलेली नव्हती, म्हणून मी आणखी जोर लावून फिरवत होतो, जणू नीट फिरवली तर या वेळी तरी तो धरेल.

खर्र-खट्. माझ्या तळव्यांखाली.

दुसरी. तिसरी. मी हात पुसायच्या वेळेची वाट पाहिली. ती आली नाही. चौथी किक आली, पाचवी, सहावी. आता तो मध्ये थांबत नव्हता. फाटकवाल्याने सांगितलेलं मला आठवलं आणि शेवटी कळलं की तो कुठल्या क्षणात परत गेला आहे, आणि त्याला तिथे कुणी पाठवलं.

"भाऊजी," वहिनींनी अंगणातून हाक मारली. त्या उघड्या फाटकाशी तशाच उभ्या होत्या, रस्त्याकडे बघत. "बंद पडली का हो?"

टाकी माझ्या छातीशी धडका देत होती. मी तिला घट्ट धरलं, लहानपणी दादा मला मागून धरायचा तसं, आणि फिरवत राहिलो.

मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "तेव्हाही अशीच पडली असेल का हो? कुणीतरी काहीतरी केलं म्हणून?"

किका आता लागोपाठ येत होत्या, पण क्षीण.

"हो, वहिनी," मी म्हणालो. "तीनदा सांगूनही मी टाकी बघितली नाही म्हणून."